लॅब्राडॉरला नावं ठेवत नाहीये, पण घरात लहान मूल असेल तर आधी कुत्र्याचं वय बघा

ताई, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की लॅब्राडॉर लहान मुलांसाठी सगळ्यात बेस्ट हे सगळ्यांना माहितीये आणि मी उगाच लोकांना घाबरवून इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, त्यांच्या गळ्यात मारतेय, वर इंडी चावतात.

लॅबच्या स्वभावाबद्दल वादच नाही, जीव लावतो तो. पण घरी येतं ते पिल्लू ना, आणि लॅबचं पिल्लू म्हणजे दीड-दोन वर्षं नुसता धुडगूस. दुधाचे दात पडायला लागले की चप्पल, रिमोट, पोराची बोटं, सापडेल ते तोंडात. दोन वर्षांचं मूल किंचाळत पळतं, पिल्लाला वाटतं खेळ सुरू झाला, ते अजूनच मागे लागतं. वर्षभरात तोच 25-30 किलोचा होतो आणि वन बीएचकेत नुसता वळला तरी पोरगं आडवं.

म्हणून मूल चार-पाच वर्षांच्या आतलं असेल तर दोन-तीन वर्षांचा, स्वभाव माहीत असलेला कुत्रा दत्तक घ्या, लॅब असो नाहीतर इंडी. फॉस्टरकडे, म्हणजे दत्तक जाईपर्यंत त्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे, मुलांसोबत राहिलेला असेल तर फारच छान. मुलाला घेऊन दोन-तीनदा भेटून या, तो आपणहून जवळ येतो की तोंड फिरवतो ते बघा. इंडीला मुंबईची हवा मानवते म्हणून त्याचं नाव घेतलं. पगला मे महिन्यात दम लागतो, हस्कीचं तर बोलायलाच नको, आणि बीगल आकाराने बरोबर पण एकटा ठेवला की इतका रडतो की शेजारी बेल वाजवतात.

आता चावण्याचं. अहो, कुठलाही कुत्रा चावू शकतो, लॅबसुद्धा. घरातला ओळखीचा कुत्रा जेवत असतो किंवा झोपलेला असतो आणि मूल जाऊन गळ्यात पडतं, तिथे होतं ते. त्याआधी तो ओठ चाटतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, अंग ताठ करतो आणि आपण मात्र मोबाईलवर फोटो काढत असतो! गुरगुरला तर त्याला ओरडू नका प्लीज, मुलाला बाजूला घ्या, कारण गुरगुरणं बंद केलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

आणि एवढं सगळं वाचूनही पिल्लूच हवं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका, केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे ते विकताच येत नाही. पिल्लाची आई दाखवा म्हणा, टाळाटाळ केली तर तिथून सरळ निघून या.