प्रतिक्रियेला उत्तर : दुसऱ्याच्या लेखनाला दिलेला वेळ

सप्रेम नमस्कार.

नव्याने लिहू लागलेल्यांची हस्तलिखिते वाचण्यात आणि त्यांच्याशी त्याविषयी बोलण्यात मला जो आनंद मिळतो, त्यावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. मार्गदर्शन करणारा नकळत स्वतःचेच वळण दुसऱ्याच्या लेखनाला लावतो; त्याला मिळणारे समाधान हे मुळात मोठेपणाचे असते; आणि हाच वेळ त्याने स्वतःच्या लेखनाला दिला, तर तो अधिक सत्कारणी लागेल.

पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी आपण 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचा दाखला दिला आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या त्याच्या संपादकांनी लेखकांना पत्रे लिहून, शंका विचारून, पुन्हा पुन्हा लिहायला लावून कितीतरी कथा-कविता घडवल्या, आणि तरीही 1969 साली लघु-अनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांच्या, चळवळीतल्या तरुणांनी त्याच मासिकाच्या अंकाची होळी केली. त्या रागाला कारण होते. एकाच ठिकाणची अभिरुची साऱ्या भाषेचे माप ठरू लागली, की ज्यांचे जगणे त्या मापात बसत नाही, त्यांचे लेखन कच्चे ठरवले जाते. परंतु त्यावरून कोणी कोणाच्या लेखनात लक्षच घालू नये, असा निष्कर्ष आपण काढता, तो मला पटत नाही. त्याच काळात औरंगाबादेत गंगाधर पानतावणे 'अस्मितादर्श'चे संपादन करू लागले, आणि पुढची कित्येक दशके दलित लेखकांच्या पिढ्यांना त्या नियतकालिकाने हक्काची जागा दिली. तेही संपादनच होते. एका संपादकाला ऐकू न येणारा आवाज दुसऱ्याला ऐकू येतो, म्हणून ऐकणारे अधिक हवेत, कमी नव्हेत.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. आपल्या छोट्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दी वाचणाऱ्या या बाईंनी महार समाजाच्या जगण्याविषयी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. फलटणमध्येच शिक्षणाचे काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना त्या वह्यांविषयी कळले आणि त्यांनी ते लेखन प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपाने ते वाचकांपर्यंत पोहोचले. पुस्तकातला आवाज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बेबीताईंचाच आहे. बर्नसन यांनी तो दिला नाही, तो आहे हे ओळखले. ही ओळख पटवणारे माणूस वेळेवर भेटले नसते तर त्या वह्यांचे काय झाले असते, याचा विचार आपण अवश्य करावा.

आता माझ्या कामाविषयी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली एक तरुणी माझ्याकडे लेख घेऊन आली होती. पहिल्या खर्ड्यात मावळतीला झुकलेला सूर्य होता, कष्टाचे डोंगर होते, नियतीचा खेळ होता. शाळेच्या निबंधात ज्या वाक्यांना शाबासकी मिळते, ती सगळी होती. मी एकही वाक्य दुरुस्त केले नाही. समासात पेन्सिलीने फक्त प्रश्न लिहिले : उचल (मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम) कोणी मोजून घेतली? ट्रक रात्री किती वाजता यायचा? डोक्यावर मोळी घेऊन आई फळीवरून वर चढायची, तेव्हा धाकट्या भावाला कोण सांभाळायचे? पुढच्या खेपेला तिने जे लिहून आणले, त्यात कोपीतली, म्हणजे तोडीच्या जागी उभारलेल्या झोपडीतली, थंडी होती, मुकादमाच्या वहीतला हिशेब होता आणि दिवाळीनंतर अर्ध्यावर सुटलेली पाचवी होती. सूर्य कुठेच नव्हता. ती भाषा माझ्या घरात कधी बोललीच गेली नाही. ती मी तिला लावणार कोठून? लेखकाला जे ठाऊक आहे, त्याविषयी जो खरोखर अनभिज्ञ आहे आणि ज्याला ते जाणून घ्यायची तळमळ आहे, अशा वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्या लेखनावर आपले वळण चढवत नाही, असे माझे ठाम मत आहे. वळण चढते ते लेखकाच्या वाक्याच्या जागी स्वतःचे वाक्य लिहिले की, आणि तो मोह टाळण्याची शिस्त या कामात रोज पाळावी लागते.

मोठेपणाच्या समाधानाविषयी थोडक्यात लिहिते. तसे समाधान हवे असणाऱ्याने भाषण द्यावे. त्यात टाळ्या लगेच मिळतात. हस्तलिखितावर काम करणाऱ्याचे नाव बहुधा कुठेच छापले जात नाही, आणि लेख उत्तम उतरला की प्रश्न कोणी विचारले होते, हे वाचकाला जाणवतही नाही. जाणवू नये, हेच योग्य आहे.

राहिला स्वतःच्या लेखनाचा प्रश्न. ते माझे चालूच आहे, आणि या कामाने त्याचे नुकसान झालेले नाही, उलट लाभच झाला आहे. दुसऱ्याच्या मजकुरापाशी थांबून जे प्रश्न विचारते, तेच आता माझ्या मजकुरालाही विचारते : हे कोणी पाहिले, कोठे, त्या वेळी हातात काय होते? आजोळच्या, मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीवर सध्या लिहिते आहे. 'संप लांबला तशी घरची परिस्थिती हलाखीची झाली' हे वाक्य मी काल खोडले, आणि आता मामीला फोन करून विचारणार आहे की 1982 च्या त्या गिरणी कामगारांच्या संपात घरातली पहिली वस्तू कोणती विकली गेली, आणि ती उचलून दुकानात कोण घेऊन गेले.

आपली,
लेखिका