आयोवाचं नाणं
लेखात अमेरिकेतल्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार लोकांनीच निवडायच्या पद्धतीला, ‘तळापासूनची लोकशाही’ म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. आयोवा राज्यातले डेमोक्रॅटिक पक्षाचे कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायच्या स्थानिक सभा, आठवा. कडाक्याच्या थंडीत लोक शाळेच्या जिममध्ये जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे. कोपऱ्यात साधारण १५ टक्के माणसं भरली नाहीत की तो गट बाद, मग शेजारचे ‘या की इकडे’ म्हणत ओढायला हजर! बरोबरी झाली तर चक्क नाणं उडवायचे. आणि रात्रपाळीच्या नर्सने संध्याकाळी तिथं पोचायचं कसं? २०२० मध्ये तर निकाल कळवायचं ॲपच गंडलं, आकडे यायला काही दिवस लागले. इच्छुकांपैकी मतं बर्नी सँडर्सना जास्त, उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मात्र पीट बुटिजेजना किंचित अधिक. बायडेन चौथे आले होते, तरी शेवटी उमेदवारी त्यांनाच मिळाली.