बांबोळीला न्यायच्या आधी

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात तेच भांडण पेटतं, सिंधुदुर्गात मोठं मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटल कधी होणार, पेशंट घेऊन अजून किती वर्षं गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पळायचं. मी इंग्लंडमध्ये वॉर्डात नर्स, त्यामुळे कोणीतरी विचारतंच, तुमच्याकडे कशी सोय आसा गो? हॉस्पिटल हवंच, त्याबद्दल वादच नाही. पण आमच्या काकांच्या वेळी जे चुकलं ते बांबोळीच्या कितीतरी आधी चुकलं होतं.

लावणीचे दिवस, काका दिवसभर चिखलात, पायाला चीर पडलेली, मग ताप आला आणि पोटऱ्या जाम दुखायला लागल्या. कोकणात एवढं ऐकलं की लेप्टोचा (चिखलपाण्यातून, उंदरांच्या लघवीमुळे होणारा ताप) संशय यायलाच पाहिजे ना, पण मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि काकू फोनवर खूश, "ताप उतारलो मा, आता बरे होतले." मी लघवीचं विचारलं तर म्हणे सकाळपासून झालीच नाही, हातपाय गार आणि धाप लागलेली. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने शरीराचे अवयवच बिघडायला लागतात त्यात, ताप उतरतो तेव्हाही माणूस घसरत असू शकतो, हे घरच्यांना कोण सांगणार? जवळच्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं, तिथल्या कागदावर श्वास तीनही वेळा मिनिटाला 18, म्हणजे अगदी नॉर्मल, लिहिलेला. धापणाऱ्या माणसाचा 18! कोणी मोजलाच नव्हता. (इकडेही होतं हे, खोटं कशाला बोलू, नवीन पोरांना मी यावरूनच ओरडते.) बांबोळीला पोचेपर्यंत बीपी लागत नव्हतं. काका वाचले, पण डायलिसिस करावं लागलं.

इकडे 'न्यूज टू' नावाचा तक्ता असतो, श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध, सगळ्याला मार्क, जितकं बिघडलेलं तितके जास्त. श्वास मिनिटाला 25 किंवा जास्त असला की एकट्याचेच 3, बेरीज 5 झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, 7 झाली की इमर्जन्सी. सेप्टिक शॉक (सेप्सिसमध्ये बीपी कोसळणं) वाटला तर तासाच्या आत अँटिबायोटिक, आधी ब्लड कल्चर (रक्तात कुठला जंतू आहे ते बघायची तपासणी), पण कल्चरसाठी औषध अडवून ठेवायचं नाही. शरीराला रक्त पुरतंय का ते सांगणाऱ्या लॅक्टेट तपासणीची सोय नसेल तर बोटाचं टोक दाबून सोडा, 3 सेकंदांत रंग परत येत नसेल तर रक्त तिथवर नीट पोचत नाहीये. यातलं काय आपल्या ग्रामीण रुग्णालयात होणार नाही सांगा बघू.

इकडे स्वर्ग आहे असं मात्र समजू नका, इमर्जन्सीत लोक तासन्‌तास खुर्चीत बसलेले असतात, गावाला डॉक्टर अर्ध्या तासात भेटतो. आणि 2021 मध्ये मार्था मिल्स नावाची 13 वर्षांची मुलगी इथेच, लंडनमध्ये सेप्सिसने गेली, आईवडील काळजी बोलून दाखवत होते तरी. त्यानंतर 'मार्थाज रूल' आला, म्हणजे घरच्यांना पेशंट बिघडतोय असं वाटलं तर ते स्वतः दुसऱ्या टीमला बोलावू शकतात. आपल्याकडे नातेवाइकाने तोंड उघडलं की "डॉक्टर तुम्ही की मी?"

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर दोन अंगठे आले आणि खाली लगेच हॉस्पिटलच्या जागेवरून परत सुरू. काकू मात्र आता घरात कोणाला ताप आला की घड्याळ घेऊन बसते. परवा फोन, "मिनटाक 22, चलात मा?" म्हटलं 2 मार्क झाले, आधी लघवी कधी झाली ते सांग.