चाळ पडू दे, पण आधी म्हाताऱ्यांना विचारा

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या तेव्हापासून आमच्या नातेवाईकांत एकच वाद चालूय. काहीजण म्हणतात चाळ गेली म्हणजे गिरणगाव संपलं, बाकीचे म्हणतात १६० फुटांच्या खोलीत आणि मजल्यावरच्या सामायिक संडासात तुम्ही दिवस काढलेत का, मग कसले उमाळे येतात तुम्हाला. मी सिंगापूरहून हे वाचतो आणि मला दुसऱ्यांचं पटतं, ५०० फुटांचं घर त्यांच्या हक्काचंच आहे. पण "नंतर भिंतीवर गिरणी कामगाराचं एखादं म्युरल काढलं की झालं" असं कोणी सहज बोलून जातं ना, ते मला अजिबात पटत नाही.

कारण मी राहतो तिथे हे सगळं होऊन गेलंय. इथलं चायनाटाऊन दक्षिण चीनमधून पोट भरायला आलेल्या लोकांनी उभं केलं, एकेका मजल्यावर फळ्यांची पार्टिशनं टाकून कितीतरी बिऱ्हाडं राहायची, मग सरकारने त्यांना हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये हलवलं आणि जुनी घरं रंगवून जपली. आता तिथल्या भिंतींवर यिप यू चाँग यांची चित्रं आहेत. ते आधी अकाउंटंट होते, लहानपण तिथेच सागो लेनमध्ये गेलं, त्यामुळे त्यांच्या चित्रात आतल्या माणसाची नजर दिसते. एका भिंतीवर लोकांची पत्रं लिहून देणारा माणूस आहे, तो बघितला की मला जीपीओबाहेर बसून कोकणात मनीऑर्डरी लिहून देणारे आठवतात. आणि मुख्य म्हणजे इथे १९७९ पासून सरकारी पातळीवर म्हाताऱ्या लोकांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवलेत, त्यातले बरेचसे कोणीही ऐकू शकतं.

तरी गडबड होतेच. २०२४ मध्ये साउथ ब्रिज रोडवर एका अमेरिकन चित्रकाराने सॅमसुई बाई काढली, म्हणजे डोक्याला लाल फडकं बांधून बांधकामावर राबणाऱ्या त्या चिनी बायका, आणि तिच्या हातात पेटती सिगारेट. तक्रार आली, सरकारी खात्याने आधी सिगारेट पुसा म्हटलं, मग लोक चिडले, शेवटी चित्र तसंच राहिलं आणि परवानगीशिवाय काम केलं म्हणून इमारतीच्या मालकाला २००० डॉलर दंड झाला. सगळे बोलले, फक्त "आम्ही अशा होतो" किंवा "अशा नव्हतो" हे सांगायला त्या बायकांची पिढीच जवळपास उरलेली नव्हती.

आपल्याकडे अजून माणसं आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा विशीत असलेला आज साठी ओलांडून गेलाय, आणि ज्यांनी घरच्या घरी या कामगारांच्या खानावळी चालवल्या त्या बायका तर ऐंशीच्या घरात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, पण म्युरल म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो भोंगा, धुराडं आणि मूठ वळलेला पुरुष.

माझ्या नायगावच्या आत्याला मी सुट्टीत तिची खोली कागदावर काढायला सांगितली. मला वाटलं होतं गॅलरी नाहीतर देव्हारा काढेल, पण तिने कॅलेंडरच्या पाठीमागे आधी स्टोव्ह काढला आणि मग भिंतभर खिळे. गावाकडची पोरं पाळीप्रमाणे जेवायला यायची, ताटाची जागा बदलायची पण शर्टाचा खिळा ज्याचा त्याचा, आणि कुठला खिळा कुठल्या गावच्या पोराचा हे तिला आजही पाठ आहे. संपात उधारीची वही भरत गेली, ती वही पण तिने काढली, पण नावं लिहायची नाहीत असं बजावलं, त्यांच्या पोरांना कमीपणा वाटेल म्हणे. हा खिळा कुठल्याही कलाकाराला बाहेरून सुचणार नाही, आणि नावं न लिहिण्याचा निर्णयही तिचाच असायला पाहिजे.

पुनर्विकास म्हाडा करतेय, पात्रता ठरवायला घरोघरची कागदपत्रं तपासली जातातच. त्याच वेळी जे.जे. कला महाविद्यालयाच्या पोरांना वही-पेन्सिल आणि रेकॉर्डर देऊन प्रत्येक मजल्यावरच्या म्हाताऱ्यांसोबत बसवा, त्यांच्या हाताने खोली काढून घ्या, काय दाखवायचं काय नाही ते त्यांना ठरवू द्या, आणि हे ट्रान्झिटला, म्हणजे तात्पुरत्या घरांत, हलवायच्या आधी करा, कारण एकदा पांगले की नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतले शेजारी पुन्हा एका खोलीत बसवणं जमणार नाही.