समाजसेवा कशी उरकावी

कॉलेजच्या मुलामुलींनो, नव्या शैक्षणिक धोरणात समाजकार्यालाही श्रेयांक आहेत, म्हणजे आता समाजात गेल्याशिवाय सुटका नाही. घाबरू नका. समाज फार लांब नसतो आणि तासाभरात उरकतो.

आधी बॅनर. त्यावर प्राचार्य, उपप्राचार्य आणि माजी नगरसेवक यांचे फोटो बसवा. उरलेल्या जागेत काम लिहा. जागा उरली नाही तर काम राहू द्या.

वृक्षारोपण गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात करावं. खड्डा तयार असतो, रोपही तोवर मेलेलं असतं.

गाडगेबाबा गावात शिरले की दिवसा झाडू मारत आणि रात्री कीर्तन करत. तुम्ही भाषणं आधी उरकून घ्या, तोवर ऊन चढतं आणि झाडू आपोआप राहतो.

रक्तदानाला मित्राला न्यावं. रक्त त्यानं द्यावं, चेंडू दाबतानाचा फोटो तुम्ही द्यावा.

आणि सर्वेक्षण मात्र सोडू नका. वेळ दुपारी दोनची धरा, म्हणजे लोक हमखास झोपलेले सापडतात. परवा माझा डोळा लागतो न लागतो तोच बेल वाजली. दारात पाच जण, हातात गावासाठी छापलेला फॉर्म, आणि आले होते पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. घरात शौचालय आहे का? चूल की गॅस? पाणी विहिरीचं, आडाचं की नदीचं? दुभती जनावरं किती? म्हटलं, एकही नाही. तर पोरगी म्हणते, "काका, रकाना रिकामा ठेवला की मॅडम फॉर्म परत पाठवतात. दोन लिहू?" माझ्या दोन खोल्यांत दोन म्हशी बांधल्या आणि वर माझीच सही मागितली! मग फोटो. तोही जिओटॅगवाला, म्हणजे जागेचा ठावठिकाणा छापलेला; कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकला दाखवायला लागतो म्हणे. "काका, जरा हसा ना."

तेवढ्यात समोरच्या आजी दारात आल्या. "बाळा, हयातीचा दाखला आता फोनवरच निघतो म्हणतात. देतोस काढून? बँकेचा जिना चढवत नाही रे." पोराच्या हातात फोन होता. कॅमेरा चालूच होता. दाखल्याला आणखी काय लागतं, आधार नंबर, पेन्शनचे तपशील आणि चेहरा! तर म्हणाला, "आजी, ते आमच्या फॉर्ममध्ये नाही."

नंतर दूध आणायला उतरलो, तर हे पाचही जण जिन्यात बसून उरलेल्या बिऱ्हाडांचे फॉर्म स्वतःच भरत होते. पहिल्या मजल्याला शेळ्या द्याव्यात की गाय, यावर वाद चालला होता.

लाज वाटत नाही का रे? गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली, कॉलेजांतली एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सुरू झाली. वर्षाला 120 तास द्यायचे असतात त्यात. त्यातली दहा मिनिटं म्हातारीला देववली नाहीत तुम्हाला? आणि मॅडम, तुम्हीसुद्धा! गठ्ठ्यातला एक तरी फॉर्म उघडून बघितलात? भर पेठेत तिसऱ्या मजल्यावर म्हशी, आणि तुम्ही खाली शिक्का मारता? पोरांना खोटं लिहायला कुणी शिकवलं मग? रिकामा रकाना चालत नाही, खोटा चालतो, हे तुमच्याकडूनच शिकली ना ती?

नोव्हेंबरात दाखला गेला नाही, तर आजींचं पेन्शन थांबेल. ते कुठल्या रकान्यात भरणार आहात?