लांब पुलावर चालतंय कोण?

कोकण किनाऱ्यालगतच्या रेवस-रेडी सागरी मार्गावरच्या खाडीपुलांबद्दल एक मेसेज महिनाभर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तिसऱ्यांदा खुद्द काकांकडून. मजकूर थोडक्यात असा: लांब पुलाला पायवाट ठेवणं म्हणजे पैसे खाडीत ओतणं. जगात असल्या पुलांवरून कुणी चालत नाही, अटल सेतूवर तरी आहे का पायवाट? शिवाय तिच्या ओझ्याने पूल कमकुवत होतो, आणि चालणाऱ्यांना फेरीबोट आहेच.

अटल सेतूवर पायवाट नाही, कबूल. शिवडी ते चिर्ले २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. तिथून पायी कोण कशाला जाईल? पण तिथे दुचाकी आणि रिक्षालाही बंदी आहे, ते मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलं. तोच नियम या मार्गावरच्या दाभोळ खाडीच्या पुलाला लावायचा तर खाडीकाठच्या धोपाव्याच्या पोराने स्कूटरसुद्धा दारात ठेवायची काय?

आता जग. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनचं ब्रायटन आणि समोरचं क्लॉन्टार्फ ही किनाऱ्यावरची दोन उपनगरं. १९३५ साली त्यांच्यामध्ये हॉर्निब्रुक पूल झाला, अडीच किलोमीटरांहून लांब. १९७९ मध्ये शेजारी नवा पूल आला, गाड्या तिकडे गेल्या. जुना मात्र चालणारे, सायकलवाले आणि गळ टाकून बसणारे यांच्यासाठी पुढची तीसेक वर्षं ठेवला. तो अगदीच थकल्यावर २०१० मध्ये टेड स्माउट पूल उभा राहिला. सुमारे पावणेतीन किलोमीटरचा हा पूल बांधतानाच त्याला पायी आणि सायकलने जायची वेगळी वाट ठेवली, मासे धरायला वेगळा कट्टाही दिला.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. रत्नागिरीच्या भाट्ये पुलावर सकाळी सहाला या. फिरायला आलेले आजोबा, पाटी घेतलेली बाई, कठड्याला टेकून गरी सोडलेले दोघे-तिघे, आणि पावसकडची एसटी आली की सगळे अंग चोरून कठड्याला चिकटलेले. पायवाट नाही दिली म्हणून माणसं चालायची थांबत नाहीत, ती गाड्यांच्या वाटेत चालतात. मुळात आपल्याला पूल ठाऊक झाला तोच साकवापासून. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, माणसांच्या येण्याजाण्यासाठी टाकलेला साकव गाडीसाठी नव्हताच कधी.

कमकुवत होण्याचं तर हसूच येतं. रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकात पायवाटेवरचा भार चौरस मीटरला ४०० किलो धरायला सांगितलाय, गर्दीच्या जागी ५००. त्याच मानकात ७०-आर या अवजड वर्गाचं १०० टनी वाहनही धरलंय. हा हिशेब आराखड्यातच होतो. आजोबांच्या वजनाने पूल खचत नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र खोटा नाही. रुंदी वाढली की तुळया वाढतात, खांबांचे माथे रुंद होतात, पैसा लागतो. पण खांब उभे राहिल्यावर पायवाट मागायला गेलात तर त्याहून महाग पडेल, आणि बहुधा मिळणारही नाही. म्हणून बोलायचं तर आत्ताच.

राहिली फेरीबोट. दाभोळ-धोपावेची बोट मी कौतुकानेच वापरतो, ती नसती तर आमचं गुहागर-दापोली नातंच तुटलं असतं. पण ती वेळापत्रकावर चालते. संध्याकाळी शेवटची फेरी डोळ्यांसमोर सुटली की समोरच्या तीरावरचे दिवे मोजत बसायचं, नाहीतर चिपळूण-खेडचा वळसा घ्यायचा. स्वतःची गाडी नसेल तर तोही नाही. आणि मेसेज म्हणतो, पूल झाल्यावरही चालणाऱ्याने याच बोटीची वाट पाहावी.

काकांना मी एवढंच लिहिलं: गेल्या शिमग्याला शेवटची फेरी चुकवून धक्क्यावर कोण बसलं होतं? दोन निळ्या टिकल्या आल्यात. उत्तर अजून नाही.