दुनहुआंगची नक्षी ही अजिंठ्याची नक्कल नव्हे

अजिंठ्याचे चित्रकार चीनला गेले आणि दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतील सारी नक्षी त्यांनी आपल्या छतांवरून तिकडे उतरवली, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. पुरावे म्हणून त्यात सांगितले जाते की अजिंठा आधीचा आहे, दोन्हीकडच्या छतांवर चौकोनात बसवलेले कमळ आहे, दोन्हीकडे मातीचा गिलावा आहे, आणि मोगाओतल्या एकमेकांत कान वाटून घेणाऱ्या सशांसारखी चित्रगंमत अजिंठ्यातही आहे. अजिंठ्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या मजकुरातील पुरावे एकेक करून तपासले, तर हाती फारसे काही लागत नाही.

‘अजिंठा आधीचा’ हे नवव्या-दहाव्या लेण्यांच्या बाबतीत खरे आहे. परंतु ज्या छतांचे फोटो पुढे केले जातात, ती पहिल्या-दुसऱ्या लेण्यांतली, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत; आणि मोगाओतील २६८, २७२ व २७५ ही सर्वांत जुनी लेणी तेथील संशोधक त्याच शतकाच्या पूर्वार्धात ठेवतात. नक्कल आधी आणि अस्सल मागाहून, असे कसे होईल?

चौकोनातल्या कमळाचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. कमळ भारतातूनच गेले. मात्र मोगाओत ते ज्या चौकटीत बसवले आहे ती पाहावी: चौकोनात तिरका चौकोन, त्यात पुन्हा सरळ चौकोन. ही मुळात छपराची बांधणी आहे, कोपऱ्यांवर तिरप्या तुळया टाकत मधली जागा लहान करत नेण्याची. अफगाणिस्तानात बामियानला ती खडकात कोरली आहे, तर श्रीनगरजवळ पांद्रेठणच्या मंदिरात दगडात रचली आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील कमळाभोवती आहेत ती वर्तुळे.

दोन्हीकडे मातीचा गिलावा आहे म्हणून कारागीर एकच, हे तर मातीच्या भिंती लिंपणाऱ्या कोणत्याही गावाबद्दल म्हणता येईल.

राहिले ससे. मोगाओच्या ४०७ क्रमांकाच्या लेण्यात, चीनच्या सुई राजवटीच्या (सहाव्या-सातव्या शतकांतील) काळातील छतावर, तीन ससे गोल धावतात आणि तिघांत मिळून कान तीनच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात खांबावर चार हरणांना एकच डोके कोरले आहे. गंमत एकाच जातीची खरी, पण मधला दुवा कोणी दाखवलेला नाही. शिवाय नक्षी पोचायला चित्रकारच जावा लागतो असे नाही: सुई काळातच मोगाओत दिसणारी, मोत्यांच्या कड्यात बसवलेली नक्षी इराणी धाटणीच्या रेशमी कापडांवरून आली.

आणि देवघेव एकाच दिशेने होत नव्हती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचे छत पाहताना मान जरा अधिक वर करावी: तेथे टोप्या घातलेले परदेशी पाहुणे पेले घेऊन बसले आहेत, आणि चित्रांतला गडद निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे.